सरळ सळई, वाकडं शेपूट

जालन्याच्या एमआयडीसीत वाकडं असं काही फार दिवस टिकत नाही. ठिकठिकाणचं भंगार इथं येतं. कुणाचं गंजलेलं कपाट, कुणाच्या आजोबांचा लोखंडी पलंग, मोडलेल्या शेडचे अँगल, ठोकलेल्या मोटारींची दारं. सगळं भट्टीत जातं, वितळतं, त्याची बिलेट होतात. मग बिलेट अकराशे-बाराशे अंशांवर लालभडक तापवून रोलिंग मिलच्या रोलांत सोडलं की पलीकडून 12 मीटरची सळई सुसाट बाहेर येते. एकदम सरळ. (ट्रकमध्ये मावावी म्हणून पुढं आम्हीच ती मधोमध वाकवतो, पण ते गिऱ्हाइकाला माहीत असतं.) अशाच एका मिलमध्ये मी डिस्पॅच बघतो. कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडंच, हे ज्या भाषेनं आधीच सांगून ठेवलंय, तीच भाषा बोलणाऱ्या माझ्या घरात एक लॅब्राडोर आला.

आला म्हणजे साडूंनी पाठवला. त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा त्यांनी म्हणे नात्यात 'नाही' म्हणता न येणाऱ्यांची यादी केली. माझं नाव सगळ्यात वर होतं. मिलमध्ये दाखवायला नेला तर काट्यावरच्या पोरानं हौसेनं पिल्लू थेट ट्रकच्या वजनकाट्यावर ठेवलं. काट्यानं शून्य दाखवलं, कारण आमचा काटा दहा किलोच्या आतलं काही जमेस धरत नाही. "साहेब, बिनवजनाचा माल आहे, गेटपास लागायचा नाही," पोरगा म्हणाला. पुढं वजन तीस किलोवर गेलं, पण गेटपासशिवाय हिंडायची सवय काही सुटली नाही.

घरी पहिला प्रश्न नावाचा. चिरंजीवांनी 'ब्रुनो' ठेवलं. आई म्हणाली, "आपल्या गावाला मोती तलाव, आणि कुत्र्याला असलं नाव? मोत्याच म्हणायचं." सौ. त्याला 'राजा' म्हणू लागली. हे नाव तिनं लग्नानंतर दोन वर्षं दुसऱ्या कुणासाठी तरी वापरलं होतं, पण तो विषय इथं नको. मी 'ए' म्हणायचो. कुत्र्यानं चारही नावं शांतपणे ऐकून घेतली आणि एकालाही ओ द्यायचा नाही असं ठरवलं.

शिकवायचं घरीच, यावर मात्र घरात एकमत होतं. आमच्याकडे घरी जमण्यासारख्या कामाला बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, असा वडिलोपार्जित नियम आहे. याच नियमापायी न्हाणीघराचा नळ गेली काही वर्षं सुतळीनं बांधलेला आहे. चिरंजीवांनी मोबाईलवर 'सात दिवसांत कुत्रा तयार' छापाचे व्हिडिओ काढून दिले. त्यात हिरवंगार लॉन, मंद संगीत, गोरा माणूस आणि एक कुत्रा, जो व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच सगळं शिकलेला होता. आमची शाळा एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर. डावीकडं भंगाराचे ढीग, उजवीकडं भट्टीचा धूर, मधून बिलेटच्या गाड्या आणि पायाखाली काळी धूळ. पांढुरका निघालेला लॅब्राडोर घरी पोचेपर्यंत जातीनं बदललेला असायचा.

शिक्षक चार, अभ्यासक्रमही चार. चिरंजीव 'सिट' म्हणायचे. सौ. 'बैठो' म्हणायची, कारण जालन्यात बाहेरच्याशी हिंदीतच बोलायचं असतं आणि कुत्रा साडूंकडचा, म्हणजे बाहेरचाच. आई 'बस रे बाळा, दमला असशील' म्हणायची. मी बोटानं जमीन दाखवायचो. चारही आज्ञा एकदम आल्या की तो मोठी जांभई द्यायचा. कुत्रा गोंधळला, ताणात आला की अशी जांभई देतो, हे ज्ञान मला पुढं पैसे मोजून मिळालं. तेव्हा वाटायचं, आळशी आहे. माझ्यावर गेलाय.

त्यात गुरुवारी शाळेला सुट्टी. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, त्या दिवशी कुत्र्याला रागावलेलं आईला चालत नाही. रविवार खंडोबाचा, म्हणून रविवारीही नाही. उरलेल्या दिवसांत माझ्या पाळ्या आणि पोराच्या शिकवण्या. आमच्या कुत्र्याइतक्या सुट्ट्या बँकवाल्यांनाही नसतील.

तरी तो शिकला. अगदी पक्कं शिकला, पण आम्ही शिकवलेलं नाही. एकदा रस्त्यावर 'सिट'चा घोष चालला असताना मागून भंगाराचा ट्रक आला, एअर ब्रेकचा 'फुस्स' आवाज झाला, दचकून कुत्रा मटकन खाली बसला आणि चिरंजीवांनी आनंदानं त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. झालं. तेव्हापासून एमआयडीसीत कुठंही 'फुस्स' झालं की आमचा विद्यार्थी त्या ट्रकपुढं जाऊन बसतो आणि बिस्कीट मिळाल्याशिवाय उठत नाही. एका ड्रायव्हरनं काचेतून डोकं बाहेर काढून मला विचारलं, "साहेब, हा कुठल्या चेकपोस्टवरनं आणला?"

मग क्लिकर आला. हातात मावेल एवढं टिकटिक वाजणारं खेळणं. कुत्र्यानं बरोबर केलं की त्याच क्षणी 'टिक' वाजवायचं आणि मागोमाग खाऊ द्यायचा. डॉल्फिनांना शिट्टीवर शिकवणारेही हीच युक्ती वापरतात म्हणे. डॉल्फिनांचं बरं असतं, त्यांच्या घरात बटणाचं पेन नसतं. मी रात्री व्हाउचरं घेऊन बसलो की प्रत्येक सहीला दोन टिक. पेन उघडलं की कुत्रा हजर, मिटलं की पुन्हा हजर आणि मांडीवर लाळ. एकदा विम्याचे एजंट आले, पॉलिसी समजावताना विचारपूर्वक पेन टिकटिकवू लागले आणि तीस किलोंचा लॅब्राडोर त्यांच्या छातीवर पाय ठेवून उभा राहिला. गृहस्थ विमा न उतरवताच गेले. सौ.नं कुत्र्याला पहिल्यांदा 'गुड बॉय' म्हटलं ते त्या दिवशी.

खाण्याच्या बाबतीत तर बोलायलाच नको. एकादशीला आईनं केलेली भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यानं पातेल्यासकट पुढ्यात ओढली आणि सगळ्यांच्या आधी उपवास सोडला. मी ओरडणार तोच चिरंजीव मध्ये पडले. "बाबा, त्याचा दोष नाही, जीनचा आहे." केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये शोधून काढलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये एका जीनचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना भूक जास्त लागते. आई म्हणाली, "मग त्याला जास्त द्यायला नको का?" गंमत पुढं आहे. माणसांच्या मदतीसाठी निवडून तयार केलेल्या लॅब्राडोरांमध्ये हाच प्रकार इतरांपेक्षा जास्त सापडला. म्हणजे खादाड असतो तो खाऊच्या आशेनं पटापट शिकत असावा. लहानपणी मीही ताटावरून उठायचो नाही, पण माझ्या हुशारीवर कुणी संशोधन केलं नाही.

नामदेव महाराजांची भाकरी कुत्र्यानं पळवली तेव्हा, कोरडी कशी खाईल बिचारा, म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले. त्यांचं नरसी आमच्या मराठवाड्यातलंच. आमच्या कॉलनीत हा देखावा रोज संध्याकाळी दिसायचा. पट्ट्यासकट कुत्रा पुढं, 'कम, कम' करत मी मागं, हातात पारले-जीचा पुडा. महाराजांच्या मनातले भाव तेवढे माझ्या मनात नसायचे.

या सगळ्याला एक मूक प्रेक्षक होता. आमच्या मिलच्या गेटवरचे वॉचमन मामा. त्यांच्या पत्र्याच्या खोलीभोवती पाच-सहा गावठी कुत्री असतात. त्यांना नावं नाहीत, पट्टे नाहीत, क्लिकर नाही. पावलोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. त्याच अभ्यासात त्याच्या ध्यानात आलं की खाणं समोर यायच्या आधी, खाणं आणणाऱ्याच्या पावलांच्या आवाजानंच कुत्र्याला लाळ सुटते. एवढ्या गोष्टीला त्याला प्रयोगशाळा लागली. मामांच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की ही कुत्री भिंतीच्या सावलीत ओळीनं बसतात. मामा डबा उघडतात, प्रत्येकाला भाकरीचा एकेक तुकडा टाकतात, आणि कुणी दुसऱ्याच्या तुकड्याकडं बघत नाही. रात्री अनोळखी माणूस भिंतीकडं आला तर गाव उठवतात, पण रोजच्या ट्रकवर एक भुंकणं वाया घालवत नाहीत. गरम सळईच्या बाजूला तर फिरकतही नाहीत. मामांचा सगळा शब्दकोश म्हणजे 'हाऽड' आणि 'ये'.

एकदा मला धापा टाकताना बघून ते म्हणाले, "सायेब, एक सांगू का? त्या कुत्र्याला घरातल्या एकानंच शिकवावं. अन् एकच शब्द बोलावा. ऐकलं की लगोलग तुकडा. उशीर केला तर त्याला वाटतं तुकडा दुसऱ्याच कामाचा हाय. अन् नाही ऐकलं तर वरडायचं नाही, पाठ फिरवायची."

मी हसून 'बरं बरं' म्हटलं. मामांचा पगार मला ठाऊक होता, त्यांच्या व्हाउचरवर सही माझीच असते. एवढ्या पगाराच्या माणसाचा सल्ला किती रुपयांचा असणार, हा हिशेब मी चालता चालता केला आणि विसरून गेलो.

शेवटी शेजारच्या निवृत्त हवालदार काकांनी विषय धसास लावला. "अरे, मुंबईचा झंजीर आठवतो का? बॉम्बशोधक पथकातला? तोपण लॅब्राडोरच. पुण्याच्या सीआयडीच्या केंद्रात शिकलेला. 93 च्या स्फोटांच्या वेळी नाकानं माग काढत काढत 3,329 किलो आरडीएक्स धरून दिलं त्यानं. 2000 साली गेला तर फुलं वाहून सलामी दिली पोलिसांनी." आम्ही सगळ्यांनी आमच्या लॅब्राडोरकडं बघितलं. तो स्वतःच्या पंजाखाली दडलेलं बिस्कीट शोधत होता. त्याला ते सापडत नव्हतं. "घरी शिकला असता तर झंजीर झाला असता का?" काका म्हणाले. "ट्रेनिंग लागतं, शास्त्रशुद्ध!"

छत्रपती संभाजीनगरहून ट्रेनर आले. साठेक किलोमीटर मोटारसायकलवर. काळा टी-शर्ट, खूप खिशांची पँट, गळ्यात शिट्टी. आई त्यांच्यासाठी पोहे घेऊन आली, तर त्यांनी पोहे खाऊन झाल्यावर कुत्र्याला हातही लावला नाही, आम्हा चौघांनाच समोर बसवलं. घरात काय काय शब्द वापरता, कोण कधी खायला देतं, ओरडतं कोण, सगळं विचारलं. आई म्हणाली, "मी काहीच देत नाही." ओळखीच्या आवाजावर कुत्रा उठला आणि तिच्या पदराच्या गाठीला नाक लावून उभा राहिला.

मग ट्रेनर सरांनी घसा साफ केला. "बघा, पहिल्या महिन्यात शिकवणारा एकच. कमांड एकच. रिवॉर्ड ताबडतोब, दोन सेकंदही उशीर नको, नाहीतर त्याला कळत नाही रिवॉर्ड कशाबद्दल मिळालं. आणि ओरडायचं नाही. इग्नोर करायचं."

सौ.नं हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. चिरंजीवांनी रेकॉर्ड केलं. आई म्हणाली, "केवढा अभ्यास आहे पोराचा!" मलाही ही वाक्यं कुठंतरी ऐकल्यासारखी वाटत होती, पण या भावात नक्कीच नाही. फी ऐकून आईनं एवढंच विचारलं, "यात दहावीपर्यंत होतं का हो?"

त्यांच्याकडं घरी येऊन शिकवायचा एक प्रकार होता आणि कुत्रा त्यांच्याकडं ठेवून घ्यायचा दुसरा. गुरुवार-रविवारचं कळल्यावर सरांनी आईकडं एक नजर टाकली आणि दुसराच सुचवला. कुत्रा वसतिगृहात गेला. पोराला बाहेरगावी शिकायला ठेवल्यासारखं घर सुनं झालं. रोज संध्याकाळी व्हिडिओ यायचा. कुत्रा बसतोय, थांबतोय, सरांच्या डाव्या पायाला चिकटून वळणावर वळतोय, समोर बिस्कीट ठेवलंय आणि तो तिकडं ढुंकूनही बघत नाहीये. हा कुत्रा आपला नाही, असं आईचं ठाम मत पडलं. "आणि असलाच तर वाळलाय," म्हणून तिनं संभाजीनगरला निघालेल्या एकाच्या हाती धपाट्यांचा डबा पाठवला. मी व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरवला. साडूंचं उत्तर आलं, "शेवटी रक्त आमच्याकडचं."

कुत्रा परत आला तो लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊन. अंगणात सरांनी सगळं करून दाखवलं. कॉलनी गच्चीवर उभी राहून बघत होती. टाळ्या झाल्या. सर मोटारसायकलवर बसून चौकातून वळले, सायलेन्सरचा आवाज विरला, आणि झंजीरचा भाऊबंद उडी मारून ओट्यावर चढला.

'सिट' म्हणालो. जांभई.

तातडीनं सरांना फोन लावला. ते म्हणाले, "साहजिक आहे हो. एका जागी, एका माणसाकडं शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप येत नाही. आता रोज पंधरा मिनिटं तुम्ही सराव घ्यायचा." यावर संबंध घर एका सुरात म्हणालं, "मग पैसे कशाचे दिले?" सौ.नं फोन स्पीकरवर टाकला, कारण भांडायचं तर सगळ्यांना ऐकू यायला हवं. "फोन त्याच्यासमोर धरा," सर म्हणाले, आणि फोनमधून आवाज आला, "ब्रुनो, सिट!"

कुत्रा ओट्यावरून उतरला. फोनसमोर बसला. मान थोडी तिरकी करून आत बघत राहिला.

"अगं बाई," आई म्हणाली, "तबकडीवर बसायचा तो हाच की!" आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला कुत्रा असायचा, हिज मास्टर्स व्हॉइसवाला. त्याचं नाव निपर. खराखुरा कुत्रा होता तो इंग्लंडातला. मालक वारल्यावर त्याला मालकाचा भाऊ फ्रान्सिस बॅरोड यानं सांभाळलं आणि पुढं त्याचं ते चित्र काढलं. आवाज कुणाचा आणि कुठून येतोय याचा निपरला प्रश्न पडला असावा. आमच्या कुत्र्याला असले प्रश्न पडत नाहीत. फी भरलेला आवाज ओळखू येतो, एवढं त्याला पुरतं. यात तो घरच्यांवर गेलाय.

चिरंजीवांनी सरांच्या आवाजातले 'सिट', 'स्टे', 'कम' आणि 'नो' चारही फोनमध्ये भरून दिले. पंधरा मिनिटांचा सराव वाचला, घर आनंदात आहे. बारीकसारीक अडचणी येतात. सौ. घाईत 'स्टे'ऐवजी 'कम' दाबते आणि कुत्रा पुसलेल्या फरशीवरून थेट येतो. 'नो' वाजवायला जावं तर नेमका बहिणीचा फोन येतो आणि तेवढ्यात चप्पल संपते. चार्जिंग उतरलं की शिस्तही उतरते. आईला फोनमधलं काही कळत नाही. ती देवघरातूनच सांगते, "बाळा, तुझ्या त्या सरांना म्हणावं, मोत्याला जरा बसव."

परवा जेवणाच्या सुट्टीत कुत्र्याला गेटवर घेऊन गेलो आणि मामांना हा चमत्कार दाखवला. फोन काढला, बटण दाबलं, 'सिट' वाजलं, कुत्रा बसला. भिंतीच्या सावलीतल्या गावठी कुत्र्यांनी एकदा इकडं बघितलं आणि पुन्हा डब्याकडं तोंडं वळवली. मामांनी तुकडा मोडता मोडता विचारलं, "सायेब, तेवढं ते 'सिट' माझ्या मोबाईलवर टाकता का?"

"मामा, तुमची कुत्री तर नुसत्या नजरेनं बसतात."

"कुत्र्यांसाठी नाही हो. भंगाराच्या गाड्यांवरचे ते ड्रायव्हर. भरली गाडी तोलताना केबिनमध्ये बसून राहतात, अन् रिकामी तोलायला लावली की उतरून टपरीवर. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस दर खेपेला भंगाराच्या भावानं आपल्याला विकून जातो. मी वरडून थकलो, माझं कोण ऐकतंय?"

मी तिथंच उभ्या उभ्या 'सिट' पाठवलं. मामांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकलं.

"आवाज चांगला हाय," ते म्हणाले. "आता 'स्टे' पण टाका."